जनरेटरची मागणी

साठच्या दशकात तंजावूरच्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेत सामानाच्या याद्या करायचं काम माझ्याकडे होतं. आमचे डॉक्टर बोकडाचं मूत्रपिंड शरीराबाहेर टिकवून पाहत होते. विजेचा पंप त्यातून ठोक्याठोक्याने थंड द्राव फिरवायचा. वीज रोज जायची, म्हणून माझ्या यादीत सर्वांत वर जनरेटर होता.

मंजुरी देणारे साहेब मद्रासहून आले, आणि नेमकी त्यांच्यासमोरच वीज गेली. मला आनंद झाला. आता आणखी काही समजावायला नको!

पण आमचे म्हातारे अटेंडर तिरुवैयारुचे, मृदंगाच्या घरातले. त्यांनी एका हातात रबरी हातपंप घेतला, दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला आणि द्राव फिरवत राहिले.

"अण्णा, जरा थांबा ना," मी कुजबुजले.

"आवर्तन अर्धवट सोडू, अम्मा? पुरं होऊ द्या."

आवर्तनामागून आवर्तन तासभर चाललं. एकही ठोका चुकला नाही.

साहेब खूश झाले. त्यांनी जनरेटरवर काट मारली आणि खाली लिहिलं : हातपंप, आणखी एक.

तो चालवायला माणूस मात्र मंजूर झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून अण्णा मला आदिताल शिकवू लागले.