नऊशे नव्याण्णव खेळ आणि एक हमीपत्र

आता हे तुम्हाला सांगू की नको, या विचारात इतकी वर्षं गेली. पण निवृत्त कारकुनाची अब्रू ती कितीशी, आणि ती झाकून ठेवून करायचं तरी काय? तेव्हा चहा घेता घेता ऐका. फक्त मधे हसू नका. शेवटी एकदमच हसा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दोन-एक वर्षं आधीची गोष्ट. मी परभणी जिल्ह्यात मानवतला कचेरीत कारकून होतो. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही माझा. संध्याकाळ झाली की सगळी गल्ली माझ्या बैठकीत. सतरंजीवर कोण बसणार आणि उंबऱ्यावर कोण, हे मी ठरवायचो. त्या दोन तासांत माझा जो थाट होता, तो आमच्या साहेबाचाही नव्हता.

आणि शेजारच्या नागोरावानं व्हिडिओ गेम आणला.

हा नागोराव माझ्याच कचेरीत, मला कनिष्ठ. साधा मसुदा लिहिला तरी माझ्याकडून तपासून घेणार. अशा माणसानं परभणीहून एक काळी पेटी आणावी, तिच्यात कॅसेट खुपसावी आणि पडद्यावर बोटाएवढं विमान उडवावं? बरं, त्याचा टीव्ही रंगीतसुद्धा नाही. वरून थापटल्याशिवाय लागायचा नाही. पण लोकांना काय त्याचं?

तिसऱ्या दिवशी माझ्या बैठकीत मी, आमची ही आणि पडद्यावर बातम्या देणारी बाई, एवढेच उरलो. पाचव्या दिवशी आमची हीपण उठली.

"कुठं निघालीस?"

"नागोरावभावजींकडं. सातला माझा नंबर हाय."

"कशाचा?"

"विमानाचा. काल मी चौथ्या पुलापर्यंत नेलं. बायकांत मीच पुढं हाय."

मला जळफळाट झाला, असं ती आजही म्हणते. मी म्हणेन, मला नियमभंगाचा संशय आला.

दुसऱ्या दिवशी मी नागोरावाकडं गेलो. सहज. सगळे पडद्याकडं बघत होते, मी पेटीच्या रिकाम्या खोक्याकडं. खोक्यात घडी घातलेला एक कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरांचा. असले कागद कुणी वाचत नाही. मी वाचतो. सरकार मला त्याचाच पगार देत होतं.

कागदात लिहिलं होतं की हा खेळ घेणाऱ्यानं फक्त आपल्या घरात खेळावा. भाड्यानं देऊ नये, सार्वजनिक ठिकाणी दाखवू नये. नाही तर दुकानाची जबाबदारी संपली. म्हणजे बघा, पेटी नागोरावाची, पण आतला खेळ त्याचा नाहीच. त्याला नुसता खेळायचा परवाना. बदली रद्द झाल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

त्याच दिवशी मी नागोरावाला पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, जावक क्रमांक एक. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थही खुलासेवार दिला: घरच्या माणसांखेरीज कोणीही, मग तो शेजारी असो वा पाहुणा. पत्र शेजारच्या दारात नेऊन दिलं आणि पोचपावतीवर सही घेतली.

नागोराव पत्र घेऊन आला, तोंड उतरलेलं.

"भाऊसाहेब, मंग आता मी काय करू?"

"घरच्यांपुरतं खेळा."

"आन् लोकांना काय सांगू?"

"नियम सांगा."

"नियम लय वाईट हाय. पण तुमी लिहिलंय म्हणजे खराच असंल."

त्यानं लोकांना येऊ देणं बंद केलं. आता गल्ली माझ्याकडं परत यायला हवी होती ना? नाही आली. नागोरावाच्या ओट्यावर बसून माझ्याविषयी बोलत राहिली.

मग माझ्यापुढं एकच उपाय उरला. परभणीच्या त्याच दुकानात गेलो आणि नागोरावापेक्षा मोठी पेटी आणली. कॅसेटवर छापलं होतं, नऊशे नव्याण्णव खेळ. आत तोच बारीक अक्षरांचा कागद होता. तो मी घडी करून खिशात ठेवला. नियम दुसऱ्याला दाखवण्यासाठी वाचायचा असतो, ही कचेरीची जुनी पद्धत.

गल्लीला आमंत्रण दिलं. आली सगळी. माझी सतरंजी पुन्हा भरली. नागोरावाला मी मुद्दाम उंबऱ्यावर बसवलं. सात खेळ झाले. आठवा लावला, तशी आमची ही पुढं सरकून बघायला लागली.

"अहो, हे तर पहिलंच विमान हाय. रंग तेवढा बदललाय."

नववा लावला, तो दुसरा निघाला. दहावा, तिसरा. गल्ली पोट धरून हसली. नागोराव तेवढा हसला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. म्हणाला, "असू द्या भाऊसाहेब, सात बी लय झाले."

ते मात्र माझ्या जिव्हारी लागलं. जिल्हा ग्राहक मंचाकडं मी अकरा पानी तक्रार केली. तारखेला एसटीनं परभणी गाठली. सोबत साक्षीला कोण? नागोराव. स्वतःहून आला होता.

दुकानदार शांत माणूस होता. म्हणाला, "साहेब, यांनी गल्ली गोळा करून गेम दाखवला. कागदात लिहिलंय, आमची जबाबदारी संपली."

मी उठलो. शेजारी घरी येणं म्हणजे सार्वजनिक नव्हे, हे दहा मिनिटं बोललो. फार छान बोललो. बोलणं संपल्यावर दुकानदारानं एक कागद मंचाच्या अध्यक्षांपुढं ठेवला.

अध्यक्षांनी विचारलं, "हे अक्षर आपलं?"

माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. "होय साहेब, माझंच," मी जरा ऐटीतच म्हणालो.

त्यांनी मोठ्यानं वाचलं, "घरच्या माणसांखेरीज कोणीही, मग तो शेजारी असो वा पाहुणा."

मी नागोरावाकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "खरं हाय का म्हणून दुकानात दाखवायला नेलं होतं, भाऊसाहेब. त्यांनी ठेवूनच घेतलं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, छापले तेवढे खेळ नाहीत, तेव्हा कॅसेट बदलून द्या. त्याला कागदातली अट आड येत नाही. आणि चहाला आलेले शेजारी म्हणजे सार्वजनिक नव्हे. नागोरावांनी खुशाल खेळावं.

दुकानदार म्हणाला, "देतो बदलून. फक्त साहेबांनी स्वतःच्या पत्राप्रमाणंच वापरीन, असं हमीपत्र द्यावं."

"सक्ती नाही," अध्यक्ष म्हणाले.

पण मी जिंकलो होतो, आणि समोर कागद होता. समोर आलेला कागद सही न करता मी कधी परत पाठवलेला नाही. सही करण्याआधी त्यातल्या दोन चुकाही दुरुस्त करून दिल्या.

नव्या कॅसेटवर शंभर खेळ लिहिले होते आणि निघालेही शंभर. मी मोजले. वेळच वेळ होता. दार लावलेलं, गल्ली नागोरावाकडं, आमची ही पण तिकडंच.

आठवडाभर कळ काढली. मग गेलो.

"या भाऊसाहेब, या," नागोराव म्हणाला. "नंबरावरून लय भांडायलेत सगळे. तुमचं अक्षर चांगलं हाय, यादी तेवढी करून द्या."

मी यादी केली. आल्या क्रमानं नावं, मधे कुणालाही घुसवायचं नाही, असा नियम वर लाल शाईनं लिहिला. पहिलं नाव आमच्या हिचं, तेविसावं माझं.

बाविसावा गडी उठला आणि जेवणाची वेळ झाली. नागोराव म्हणाला, "आता बंद करू. उद्या पहिला डाव भाऊसाहेबांचा."

आमची ही चपला घालता घालता म्हणाली, "उद्या आल्या क्रमानं. वर लाल शाईनं काय लिहिलंय ते वाचा की."