गुरुजींचा अंगठा

घरी कोणतीबी वस्तू खोला आन् परत बसवा, एक स्क्रू उरतेच. कुठला होता ते कोणाच्या बापाले समजत नाही, वस्तू मात्र चालते. किस्स्याचं तसंच हाय. काम संपते, किस्सा उरते. माया अंगणात तीन म्हाताऱ्यांनी एका मोटरसायकलच्या बटनाच्या टोप्या बदलवल्या. अर्ध्या घंट्याचं काम, आमाले आठ दिवस लागले. आता सांगा, किती उरलं असन!

तीन म्हातारे कोण? एक मी, दालमिलमधला जुना फिटर. शाळा तिसरीत सोडली, थे बरंच झालं, मास्तरचा जीव वाचला. दुसरा देवीदास, जलमभर अकोला-पातूर काळी-पिवळी जीप हाकली. तिसरे वानखडे गुरुजी. गाडी त्याईची.

गुरुजीले मागच्या साली लकव्याचा झटका आला, डाव्या अंगाले. पाय सुधरला, जीभ सुधरली, चार बोटं क्लच दाबू लागले. डॉक्टर म्हणे चालवा गाडी. पण अंगठा ऐकेना! आन् हॉर्न, इंडिकेटर, लाइट वर-खाली कराचा डिप्पर, समदे बटनं डाव्याच अंगठ्याखाली. त्यातबी टोप्या उन्हानं कडक होऊन पार झिजलेल्या. धडधाकट माणसाचा अंगठा घसरे, तिथं गुरुजीचं काय?

गुरुजीचा पोरगा प्रशांत अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात हाय. त्यानं तिथून फोन केला, "बाबा, रविवारी येतो. तिन्ही बटनं अंगठ्यानं दाबून दाखवा. नाई दाबले गेले, तर गाडी मी घेऊन जाईन."

गाडी गेली तर गुरुजी पातूरले बहिणीकडं कसे जातीन? थे म्हातारी एकटी राहते. दर आठ दिवसाले भाऊ येते म्हणून जेवाची थांबते.

गुरुजी माया अंगणात येऊन बसले. म्हणे, "मारोती, गंमत पाय. अंगठाछाप तू, आन् अंगठा अडला माया!"

म्हटलं, "रडू नका. गाडी आत घ्या."

*

पहिले टोप्या आणाले गेलो. दुकानदार काउंटरवर मोबाईल पाहत म्हणे, "सुट्ट्या टोप्या भेटत नाई काका. पूरा स्विच घ्या."

मी शिवी देणार होतो. गुरुजीनं मले थांबवलं आन् चष्मा पुसत त्याले इचारलं, "बाळ, दाढ किडली तर तू पूरा जबडा बदलशीन काय?"

दुकानदारानं मोबाईल ठेवला. आतून एक जुना डब्बा आणला अन् आमच्यासमोर उपडा केला. "घ्या गुरुजी, तुमच्या मापाचे दात शोधा!"

*

स्विच खोलला देवीदासनं. मी ओरडून राहिलो, "हळू, आत स्प्रिंग हाय!" थो म्हणे, "मले नको शिकवू, मी जीपचं इंजिन रस्त्यावर खोललं हाय!"

टण्ण! स्प्रिंग त्याच्या कपाळावर, आन् स्प्रिंगच्या तोंडाचा लोखंडी छर्रा उडून गेला. कुठं? आमच्या बुढीनं, म्हंजे माया बायकोनं, अंगणात चादर टाकून ज्वारी वाळू घातली होती, तिच्यात! छर्राबी ज्वारीएवढाच.

तीन म्हातारे चादरीवर ओणवे. गुरुजी चष्मा लावून एकेक दाना पाहून राहिले. घंटाभरानं बुढी बाहेर आली. आमचा अवतार पाहून म्हणे, "कायले हुडकता? ज्वारी दळून आणते, भाकरी खा. ज्याच्या दाताखाली येईन, थो वरडन!"

मंग मी जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं चुंबक काढलं आन् चादरीवरून फिरवलं. पाच मिनिटात छर्रा चिकटला. देवीदास म्हणे, "हे आंधी कावून नाई आठवलं?"

म्हटलं, "आंधी तुये हाल पाहाचे होते."

*

टोप्या बसल्या, पण वढावढीत दोन तारा तुटल्या. म्या कथील लावून झाळून टाकल्या. कोणती तार कुठं, हे गुरुजीनं कागदावर सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाई. मले वाचाले घंटा लागते, आन् तसं सांगाची लाज वाटली.

गुरुजीनं डिप्पर वर केला. हॉर्न वाजला! आन् डिप्परचं बटन एकदा वर गेलं की वरच राहते, तर हॉर्नबी थांबेना. त्यात नवी टोपी फसली. पोंऽऽऽ! देवीदास घाबरून चावी उलटीकडं फिरवून राहिला.

तेवढ्यात फाटकात गर्दी. गल्लीतल्या साऱ्या बाया हंडे-गुंड, बादल्या, कॅन घेऊन उभ्या! त्याईले वाटलं, पाण्याचा टँकर आला. हॉर्न बंद झाला तरी कोणी हालेना. एकजणी मले म्हणे, "काका, पाणी नाई तर भोंगा कायले वाजवता? आमी चुलीवरचं सोडून आलो!"

शेवटी आमच्या हिरीची मोटर चालू करून पंधरा गुंड भरून दिले, तवा सुटका झाली.

देवीदास म्हणे, "मारोती, हे बटन असंच राहू दे. निवडणुकीले उभा राय!"

*

तारा पालटून जोडल्या. तिन्ही बटनं बरोबर. आता अंगठा.

इंडिकेटर जमला. डिप्पर जमला. हॉर्नवर अंगठा जाये आन् घसरे. गुरुजी घरी सराव करत होते. वैनी, म्हंजे गुरुजीची बायको, माया बुढीजवळ गाऱ्हाणं घेऊन आली, "दिवसभर टीव्हीच्या रिमोटवर अंगठा दाबते वो हा माणूस! माया सिरेलमधल्या सासूचं बोलणं पुरं होऊ देत नाई!"

बुढी म्हणे, "बरंच हाय की."

देवीदासनं मंग पायातली नवीकोरी रबरी चप्पल काढली आन् टाचेचा तुकडा कापला. घासून गोल केला, मधात खळगा केला, हॉर्नच्या टोपीवर चिकटवला. गुरुजीचा अंगठा त्या खळग्यात असा बसला जसा पिल्लू घरट्यात.

गुरुजीले गहिवरून आलं. मले असलं पाहवत नाई. म्हटलं, "गुरुजी, आता ज्याले हॉर्न माराल, त्याले चप्पल हाणल्यासारखी लागन!"

देवीदास एका चपलीवर घरी गेला.

*

रविवार. प्रशांत आला, बॅग ठेवली, पाणीबी पेला नाई. पोरगा वाईट नाई, भेलेला हाय. झटका आला त्या दिवशी बापाले त्यानंच उचललं होतं.

"इंडिकेटर," म्हणे. लागला. "डिप्पर." लागला.

"हॉर्न उभ्या गाडीवर नाई," म्हणे. "मी गल्लीत आडवा उभा राहतो. तुमी गाडी घेऊन या. हॉर्न ऐकू आला तर हटतो. नाई आला, तर चावी माई."

वैनीनं तोंडाले पदर लावला. देवीदास मायाजवळ येऊन उभा राहिला.

गुरुजी निघाले. धा हातावर आले. अंगठा खळग्यात गेला, दाबला, टोपी खाली गेली. मी या डोयानं पाहिलं! नख पांढरं पडलं.

हॉर्न वाजला नाई. तार सुटली होती. म्या झाळलेली तार!

गुरुजीनं एकदा अंगठ्याकडं पाहिलं. गाडी चालूनच राहिली. आन् झटक्यानंतर जो माणूस सालभर हळूच बोले, त्यानं छाती भरून आवाज काढला,

"प्रशांत वानखडे! रांगेत उभा राय!"

प्रशांत टुणकन् उडून नालीच्या कडेले. हात सरळ, मान सरळ. चवथीपर्यंत बापाच्याच वर्गात होता, तिथं 'बाबा' म्हणाची बंदी होती. समोरून सायकलवर दूधवाला येत होता, थोबी त्याच शाळेतला. थो उतरून प्रशांतच्या मांगं उभा राहिला. एक हात अंतर सोडून!

गुरुजीनं ब्रेक मारला. अंगठा तसाच बटनावर दाबलेला.

प्रशांत जवळ आला. त्या अंगठ्याकडं लय वेळ पाहत राहिला. मी सांगाले निघालो की तार माई चुकली, देवीदासनं माया शर्ट मांगं वढला.

प्रशांतनं चावीले हात लावला नाई. गाडीवर मांगं बसला.

गुरुजीनं मान न वळवता इचारलं, "पातूरले येतं?"

"येतो, गुरुजी."