दस्तकबाई

आमच्या मराठीच्या बाई रिकाम्या खोलीचंसुद्धा दार वाजवायच्या. आत मुलं असोत नसोत, बोटाच्या पेराने दारावर टकटक करायची, क्षणभर कान देऊन थांबायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. हैदराबादेत दार ठोठावण्याला सगळे दस्तकच म्हणतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव दस्तकबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं आवडतही होतं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "आत जे काही चाललंय त्याला आवरायला जरा वेळ द्यावा गं. आपण एकदम घुसलो तर ते बिचारं कुठे जाईल?"

कॉलेज भरायचं एका जुन्या देवडीत, म्हणजे कुणा नवाबाच्या वाड्यात. बी.कॉम.वाल्यांना पुढचे हवेशीर दिवाणखाने मिळाले होते आणि मराठीच्या वाट्याला व्हरांड्याच्या टोकाची शेवटची खोली आली होती. छत उंच, झरोक्यांना रंगीत काचा. दुपारी समोर बसलेल्याच्या तोंडावर कधी हिरवा तर कधी तांबडा उजेड पडायचा, आणि ओळखीचं माणूस घटकाभर अनोळखी दिसायचं. शिपाई मल्लय्या कुलूप काढून बाजूला उभा राही, आत म्हणून पाऊल टाकत नसे. एकदा त्याला राहवलं नाही.

"मेडम, खाली कमरा है. किसके वास्ते बजारैं?"

"खाली है करके तेरे कू कैसा मालूम?" बाई म्हणाल्या. "तू तो अंदर जाताइच नहीं."

दुसऱ्या दिवसापासून मल्लय्या किल्ली लांबूनच बाईंच्या हातात द्यायला लागला.

आम्ही मूठभर मुलं होतो. नल्लकुंटा, बरकतपुरा इथल्या जुन्या नोकरदार घरांतली. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, दुकानात दखनी, आणि शुद्धलेखन कशातच नाही. एक पुण्याहून वडिलांच्या बदलीमुळे आलेला समीर होता, त्याचं मराठी ऐकून आम्हाला आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. निबंधाच्या पहिल्या तासाला आम्ही पावसाळा, माझा आवडता नेता वगैरे तयारीने आलो होतो. बाईंनी फळ्याकडे पाहिलंही नाही. "घरातली एक खोली लिहा," म्हणाल्या, "आत कोणी नसताना." पुढे वर्षभर विषय हाच. खोली बदलायची, कोणी नसणं बदलायचं नाही.

समीरने हात वर केला. "बाई, आत कोणीच नसेल तर ती बघणार कोण?"

"हौ, बरोबर विचारलंस," बाई म्हणाल्या. "त्याच्याबद्दलच लिही."

निबंध तपासण्याची त्यांची पद्धत त्याहून विचित्र. आमच्याकडे पाठ करून, खिडकीत उभं राहून त्या आमचं लिखाण मोठ्याने वाचायच्या. आवाजात चढउतार नाही, कौतुक नाही. वाक्य उसनं असेल तिथे नुसतं थांबायच्या. मग पंख्याची करकर ऐकू येई आणि ज्याने लिहिलं असेल त्याचे कान तापत. विशेषणांवर त्यांचा विशेष राग. "पाहुणे आले की तुझी आई गादीवर चांगली चादर टाकते ना? तसं केलंयस तू. चादर काढ आणि गादी कशी आहे ते सांग." दोन महिन्यांत आमची लिखाणं इतकी उघडीबोडकी झाली की आईला वाचून दाखवायची सोय उरली नाही.

मला मात्र ते जमायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं माझं जमत होतं, आणि त्या नादात मी आप्पाकाकांची खोली लिहिली.

आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, हायकोर्टातून निवृत्त झाले आणि आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहिले. जुन्या हैदराबादच्या रिवाजाने उर्दू पेपर वाचायचे, भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी स्टुलावर चढून चावी द्यायचे, आणि मला "काय मुन्शी" म्हणून हाक मारायचे. मी त्यांची खोली लिहिली ती अशी: वेताच्या खुर्चीवर पेपर, पोऱ्याने टाकला तशीच घडी. चष्म्याचं घर मिटलेलं. घड्याळ बंद. खुर्चीखालच्या चपलांची तोंडं भिंतीकडे.

बाईंनी ते वाचलं. शेवटच्या ओळीनंतर माझ्याकडे वळल्या.

"कुणाची खोली?"

"काकांची."

"काका कुठे गेलेत?"

"कुठेच नाही. घरीच आहेत."

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. त्यांच्या गालावर झरोक्याचा हिरवा उजेड पडला होता. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आज लवकर घरी जा."

मी गेले. काका चहा पीत बसले होते. "क्लास बुडवून आलीस काय, मुन्शी?" म्हणून त्यांनी मला झापलं, आणि मी मनातल्या मनात बाईंना हसले. महिनाभराने एका दुपारी काका झोपले ते उठलेच नाहीत. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. पेपर खुर्चीवर, घडी तशीच. चष्म्याचं घर मिटलेलं. कुणी केर काढताना चपला सरकवल्या असतील, त्यांची तोंडं भिंतीकडे होती. रविवार उलटून गेला होता आणि घड्याळ बंद पडलं होतं. मी माझ्याच वाक्यात उभी होते.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार काय? बाईंच्या तासाला मी कोरा कागद द्यायला लागले. बाई तो इतरांच्या निबंधासारखाच हातात धरून खिडकीत उभ्या राहायच्या आणि एका निबंधाला लागतो तितका वेळ गप्प राहायच्या. ते ऐकणं सगळ्यांत वाईट होतं. आईला ताप आला तेव्हा मी वाण्याच्या चिठ्ठीवर आईचं नावसुद्धा घातलं नाही. जे लिहीन ते मरेल, असं मला अगदी खात्रीने वाटत होतं.

त्या वर्षांत पळून जायला सोयीची वाटही तयार होती. देशाची दारं नुकतीच सताड उघडली होती, गल्लीतल्या गच्च्यांवर केबलच्या वायरी आल्या होत्या आणि अमीरपेटेत जिन्याजिन्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडे वळली होती. मीही मराठी सोडण्याचा अर्ज लिहिला आणि सहीसाठी शेवटच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. मी तशीच आत शिरले.

"बाहेर जा आणि नीट ये," बाई म्हणाल्या. मी बाहेर गेले, दार वाजवलं, थांबले. आत आल्यावर मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी माझी समजूत वगैरे काढली नाही. "घड्याळ बंद पडलेलं कुठे पाहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं नव्हतं. मनानेच लिहिलं."

"मनात कुठून आलं?"

मी आठवायला लागले. त्या सुमारास एका रविवारी काका स्टुलावरून उतरले ते धाप लागून तिथेच बसले होते. "पुढच्या वेळी तू दे चावी," म्हणाले होते. पेपरही हल्ली उशिरापर्यंत तसाच पडून असायचा. एकदा चष्मा न लावताच पान धरून बसले होते. हे सगळं मी येताजाता पाहिलं होतं आणि पाहिलं हे मला माहीत नव्हतं.

"तू पाहिलंस म्हणून लिहिलंस," बाई म्हणाल्या. "लिहिलंस म्हणून झालं नाही."

"पण मग मी तेव्हाच कुणाला सांगितलं असतं तर..."

बाईंनी माझा अर्ज हातात घेतला. पंख्याची करकर सुरू होती. "तुला दिसलं ते तुला कळलं नव्हतं," अखेर त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं. आणि मी काय केलं, तर तुला लवकर घरी पाठवलं. याच्यापुढे काय करावं ते मलाही ठाऊक नाही गं." त्यांचा आवाज तेवढा एकदाच चढउतार घेताना मी ऐकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसल्यासारखं मला वाटलं.

मग त्यांनी माझा अर्ज पालथा घालून माझ्यापुढे सरकवला. "आता ही खोली लिही. मी नसलेली."

"नाही बाई."

"तर मग सही करते, जा अमीरपेटेला. पण परेशान होऊन जाऊ नकोस, ठरवून जा." त्या उठल्या. "मी बाहेर बसते. मी समोर असताना मी नसलेली खोली तुला कशी दिसणार?"

दार लोटलं गेलं आणि मी त्या खोलीत पहिल्यांदाच एकटी उरले. मल्लय्या आत का येत नसे ते मला त्या दुपारी थोडं समजलं. खोली ऐकत होती. मी पेन उचललं आणि हात चालू लागला. मला वेगळंच काहीतरी लिहायचं होतं, आणि लिहिलं गेलं ते असं: खोली गार आहे. खिडक्या बंद. दाराबाहेर पुष्कळ चपला. आत बाई नाहीत.

टकटक झाली. "या," मी म्हणाले.

बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. "चपला बऱ्याच आहेत," एवढंच म्हणाल्या. कुठल्या घराबाहेर इतक्या चपला जमतात ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"बाई, मी फाडते ते."

"खबरदार. जमलंय." त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि छत्री घेऊन निघून गेल्या.

ती उन्हाळ्याची सुट्टी मी कशी काढली ते माझं मला माहीत. काहीतरी निमित्त काढून मी चिक्कडपल्लीला जायची, भाजीबाजारातून वळसा घालून बाईंच्या घरावरून पुढे सरकायची आणि दाराबाहेर चपला किती ते बघून यायची. बाईंचीच एक जोडी असायची. सुट्टी संपता संपता त्यांनी मला खिडकीतून पकडलं. "आहे मी," त्या आतूनच म्हणाल्या. "कोथिंबीर घेऊन जा घरी."

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मी व्हरांड्यातून शेवटच्या खोलीकडे वळले आणि जागीच थबकले. बंद दाराबाहेर चपलांची ही रांग. फटीतून गार वारा येऊन घोट्यांना लागत होता. खिडक्या बंद, रंगीत काचांवर आतून पुठ्ठे. मल्लय्या दाराशी स्टूल टाकून बसला होता.

"चप्पलां बाहर छोड को जाओ अम्मा. अंदर मशीनां हैं. ठंडी हवा का मशीन भी लगाए."

कॉम्प्युटर आले होते. मी भिंतीला टेकले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाई छत्रीवर रेलून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "मेले नाही गं," त्या म्हणाल्या, "जिन्याखाली बदली झाली." मग हसू थांबलं. मराठीला त्या वर्षी कुणी नवीन मुलं आली नव्हती, आणि आम्ही राहिलेले संपलो की वर्गही संपणार होता. बाईंनी खोलीजवळ जाऊन दार वाजवलं. एका मुलाने वैतागून डोकं बाहेर काढलं. "येस मॅडम?"

"काही नाही बेटा. तुमचं चालू द्या."

उरलेलं वर्ष आम्ही जिन्याखाली बसून रिकाम्या खोल्या लिहिल्या. दार नव्हतं, तर बाई येताना कठड्यावर टकटक करायच्या. माझं लिहिणं तिथून पुढे सुटलं नाही, आणि कुणाच्याही आयुष्याबद्दल लिहायला घेतलं की मी आधी थोडी थांबते, हे त्यांचंच.

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिकंदराबादला राहायला जाऊन बरीच वर्षं झाली होती. रिक्षा चिक्कडपल्लीच्या बाजारात अडकली, म्हणून उतरून चालत गेले. दार सताड उघडं होतं. बाहेर पुष्कळ चपला. ऊन येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि आत बर्फ ठेवलेला असावा, कारण उंबऱ्यापाशीच गार वारा लागला. मी माझ्या चपला काढून त्या रांगेत नीट लावल्या आणि उघड्या दारावर टकटक केली.

आतली माणसं वळून बघायला लागली. बाईंचा भाचा उठून आला. "उघडंच आहे ना ताई. या की आत."

"हौ," मी म्हणाले, "येते," आणि आणखी थोडा वेळ तिथेच थांबले.