मंदाताई नंबर विसरल्या तेव्हा

वसईच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मंदाताईंनी चोवीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर एव्हरशाईन सिटीत घराखालीच एसटीडी बूथ टाकला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना नंबर सांगावा लागत नसे. माणूस दारात दिसला, की ताईंची बोटं चालू व्हायची.

बेसिल दर रविवारी चर्चमध्ये मिसा आटोपून यायचा. त्याची बायको सुझान कुवेतला नर्स होती. २००४ सालच्या एका रविवारी कुवेतचा कोड दाबून ताई थांबल्या.

"लाइन नाय काय, ताई?"

"लाइन आहे रे. नंबरच गेला डोक्यातून."

बेसिलने हसून खिशातली चिठ्ठी दिली. ताईंना मात्र आपली आई आठवली. त्यांच्या आईला शेवटी लेकच ओळखू येत नव्हती.

काही महिने असंच चाललं होतं. दुपारी गुंगी यायची, भाजीत दोनदा मीठ पडायचं. "अगं, वय झालं आता," नवरा गुरुदत्त म्हणाले. ताईंना ते पटेना. त्या डॉक्टर पॉलिनकडे गेल्या.

तपासण्यांत साखर काठावर आली आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली.

"लिव्हर?" ताई उसळल्याच. "मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही!"

"माहीत आहे मला. दिवसभर खुर्ची, शेजारी थंड पेयाची बाटली आणि खारी. त्यानंही होतं."

"पण मी डोक्याचं विचारायला आले होते. आईचं झालं, तसं तर नाही ना माझं?"

"मीही डोक्याचंच सांगतेय. साखर आणि चरबी बिघडली, की त्याची झळ लिव्हरबरोबर मेंदूलाही लागत असावी. किती, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण आईसारखी लक्षणं मला तुमच्यात दिसत नाहीत. आणि ही चरबी उतरते, ताई."

आई गेल्यापासून मनात धरलेली भीती त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा नवऱ्याला बोलून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बूथ गुरुदत्तांनी सांभाळला आणि ताई चालायला लागल्या. आधी कॉलनीच्या फाटकापर्यंतच धाप लागायची. बाटली सुटली. खारी सुटायला मात्र वेळ लागला.

वर्षभराने चरबी बरीच उतरली होती. गुंगी गेली. बरेचसे नंबर परतले, काही नाही परतले. त्यांच्यासाठी ताईंनी वही केली, त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

आता रविवारी दुपारी बूथ बंद ठेवून दोघं अर्नाळ्याला जातात. गुरुदत्त लवकर दमतात, उपड्या होडीला टेकून बसतात.

"अगं, किती चालशील?"

"तुम्ही बसा हो, मी आलेच," म्हणत ताई ओल्या वाळूवरून पुढे निघतात.