नव्या तांदळाचं ओझं

सालेकस्याच्या जंगलात हद्दीची आखणी चालू होती तेव्हाची, म्हणजे १९१२-१३च्या सुमाराची ही गोष्ट. आठ माणसांची टोळी झाडं तोडत, दगडांचे मुनारे रचत अकरा-अकरा दिवस आत राहायची. आत ना गाव, ना दुकान. जे खायचं ते कावडीला टांगून खांद्यावरून न्यायचं, आणि त्या कावडी बांधून द्यायच्या त्या पुनारामनं.

पुनाराम पन्नाशीचा गोंड माणूस. खरं सांगायचं तर जरा चढेलच. निघायच्या आदल्या दिवशी तो सगळ्यांच्या टोपल्या स्वतःच्या अंगणात उलट्या करायचा. कुणाचा दुसरा लोटा बाजूला, कुणाची दुसरी घोंगडी बाजूला. भात शिजवायला चौघांत एक गंज. मीठ बांबूच्या नळीत. तांदूळ माणशी दिवसाला एक शेर, वर मूठभरही नाही. कारण जास्तीचा शेर पोटाआधी खांद्याला लागतो, असं त्याचं म्हणणं. खाताना दोन्ही टोपल्यांतून सारखं काढा, हेही बजावायचा. एकानं एकाच बाजूचं खाल्लं होतं आणि तोल साधायला दुसऱ्या टोपलीत दगड घालून तो घरी आला होता. त्याची थट्टा पुनारामनं चार वर्षं पुरवली.

तांदूळ मात्र जुनाच हवा. वर्षभर मुरलेल्या धानाचा भात फुगतो, पोटात टिकतो. नव्याचा चिकट गोळा होतो आणि पाच जणांचं म्हणून रांधलं तर चौघांना जेमतेम पुरतं. पुनारामचं सगळं माप या जुन्या तांदळावर बसलेलं.

त्या पौषात तांदूळ त्याच्याच घरून जायचा होता. कणगीसारख्या ढोलीतून धान काढताना शेजारी येऊन बसला आणि पुनारामनं आपल्या मापाच्या बढाया सुरू केल्या. बोलता बोलता हात कुठल्या ढोलीत जातो आहे, हे काही त्यानं पाहिलं नाही. टोळी निघाली. त्यात त्याचा जावई दसरूही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको दुर्पता घरापुरतं धान काढायला गेली, तर जुन्या धानाच्या ढोलीचं शेणानं लिंपलेलं तोंड तसंच बंद. तिनं नवऱ्याला हाक मारली. पुनारामनं ते लिंपण पाहिलं आणि मटकन खाली बसला. अकरा दिवसांचा म्हणून दिलेला तो नवा तांदूळ नऊ दिवसही धड पुरणार नव्हता. कुऱ्हाड चालवणारी आठ माणसं, आणि शेवटचे दोन दिवस पोटात काही नाही.

"आता कायले बसले?" दुर्पता म्हणाली. "बांधा अन् निघा."

मग दुसऱ्यांच्या टोपल्या उलट्या करणाऱ्यानं स्वतःची कावड बांधायला घेतली. दोन दिवसांचा तुटवडा म्हणजे सोळा शेर तांदूळ. स्वतः त्यातलंच खात गेला, तर पोचेपर्यंत उरणार काय? म्हणून स्वतःसाठी नुसती सुकी मोहफुलं आणि भाजलेले चणे. गंज नाही. घोंगडी घेतली, खांद्यावर वजन पाहिलं, काढून ठेवली आणि तिच्या जागी आणखी दोन शेर तांदूळ घातला. पौषाची थंडी कशी असते ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

झाडांवरचे ताजे घाव आणि नवे मुनारे बघत तो चालला. टोळी काम करत जाणारी, हा नुसता चालणारा, म्हणून गाठणार हे नक्की होतं. तरी दर वळणाला त्याला वाटे, कुणी तरी आडवा पडलेला दिसेल. टोळीच्या पाचव्या दिवशी दुपारी कुऱ्हाडींचा आवाज आला. झाडीतून बाहेर येताच त्यानं आधी माणसं मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठच. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. खांद्यावर अठरा शेर तसेच होते.

माणसांचे चेहरे मात्र ओढलेले दिसत होते. पुनारामनं विचारलं, तर सगळे खाली बघायला लागले. शेवटी टोळीचा मुकादम बिसराम चाचरत बोलला, "पुनारामभाऊ, तुमचं माप तं कधी चुकत नाही. आमचंच पोट वाढलं म्हनून सकारचं जेवन सोडून राहिलो जी. बोलाची लाज वाटे."

चार दिवस ती आठ माणसं अर्धपोटी होती, आणि एकालाही पुनारामवर शंका आली नव्हती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं कावड खाली ठेवली.

"तांदूर नवा हाय," तो म्हणाला. "मीच चुकलो."

मग दसरूनं एक लांब श्वास सोडला. "म्हंजे मामाजी, आमी खादाड नाही तं!"

हसू असं फुटलं की बिसरामला कुऱ्हाडीचा आधार घ्यावा लागला. पुनारामही हसला, आणि हसता हसता रडला, सगळ्यांसमोर. त्या दुपारी दोन्ही गंज काठोकाठ भरले आणि त्यालाही ओढून पंगतीत बसवलं.

पुढं तो पंधरा वर्षं कावडी बांधत राहिला. टोपल्या तशाच उलट्या करायचा, लोटे तसेच काढून ठेवायचा. फक्त निघताना प्रत्येकाला एक वाक्य जास्तीचं सांगायचा: "कमी पडलं तं पयले मले शिव्या द्या, मंग आपल्या पोटाले."