खवल्या मांजराचं कूळ आणि माझी आठ नावं

लंडनच्या हॅरोहून कॉव्हेंट्रीला जायचं ठरलं ते नातीमुळे. अकरा वर्षांच्या सुजाताला शाळेसाठी आफ्रिकेतल्या एका जुन्या राज्यावर प्रोजेक्ट करायचा होता. माझा कारखान्यातला जुना सोबती सेमाकुला कॉव्हेंट्रीत राहतो, मूळचा युगांडातल्या बुगांडा राज्याचा. म्हटलं, तिला नेऊन त्यालाच विचारू.

हॅरो अँड वील्डस्टोनला गाडी धरा, मिल्टन कीन्सला बदला. म्हाताऱ्यांनी सवलतीचं रेलकार्ड विसरू नये. मी खिसा तीनदा चाचपला, तरी तिकीट तपासणारा येईपर्यंत जिवाला चैन नव्हतं.

सेमाकुलाच्या बायकोने केळीच्या पानात वाफवलेली हिरवी केळी वाढली, सोबत दाण्याचं कालवण. आपल्या दाण्याच्या आमटीची बहीणच. जेवताना सेमाकुला सांगू लागला. बुगांडात राजे यायच्या आधीच काही कुळं वस्ती करून होती. पहिला राजा किंटू नंतर आला, असं त्यांच्यात सांगतात. सेमाकुलाचं कूळ त्या जुन्यांतलं, खवल्या मांजराचं. त्यामुळे त्या कुळातली माणसं तो प्राणी खात नाहीत, एकाच कुळात लग्नही करत नाहीत.

"आणि ओळख अशी सांगायची," म्हणत तो उभा राहिला. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. कुठे अडखळला नाही. सुजाता भराभर लिहीत होती आणि त्याच्याकडे अशी बघत होती, जसं माझ्याकडे तिने कधी बघितलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला.

"आजोबा, आता तुमची नावं."

मला तीनच नावं ठाऊक. बाप धोंडी, आजा सटवा, पणजा रायनाक. पण त्याच्यापुढे तीनवर थांबायला जीभ धजेना. मी आठ म्हटली.

सेमाकुलाने दोन्ही हातांनी माझा हात धरला. "इतकी वर्षं एका लाइनवर काम केलं, कधी बोलला नाहीस."

परतताना मिल्टन कीन्सच्या फलाटावर सुजाता वही वाचू लागली. "हे सगळे लोक आपली फॅमिली?"

हे शाळेत जाणार, भिंतीवर लागणार.

"पहिली तीन आपली. बाकीची पाटलाची."

"पाटील कोण?"

"गावचा मोठा. त्याच्या घरी हेळवी यायचा, पूर्वजांची नावं म्हणून दाखवायचा. आमच्या वस्तीत तो कधी आला नाही. मी लांब उभा राहून ऐकायचो, ती पाठ झाली."

"लांब का?"

सांगितलं. धम्म स्वीकारण्याआधी आम्ही कोण होतो, तेही सांगितलं. गाडी आली. आत बसल्यावर तिने वही पुन्हा उघडली.

"अहो आजोबा, मग त्यांचीच नावं कशाला घेतलीत?"

मी खिशातलं रेलकार्ड पुन्हा चाचपलं.

घरी आल्यावर तिने पाच नावं खोडली. मी सेमाकुलाला फोन करून कबूल केलं. तो हसला नाही, म्हणाला, "तीन तर तीन." त्याचं ठीक आहे, त्याच्याकडे भरपूर आहेत. जळफळाट अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू?

सुजाताने विचारलं, "तुमची आई? आजी?"

"भागू. सखू."

तिने ती धोंडी आणि सटवाच्या शेजारी लिहिली. मग मी वहीतलं सेमाकुलाच्या नावांचं पान काढून पुन्हा नीट वाचलं. त्याच्या एवढ्या लांब यादीत एकही बाई नव्हती; आमच्यात दोन.

त्या रात्री मला बरी झोप लागली.