बिडाचं नळकांडं

आमचे शमुवेल म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धं इंजिन. केडगावात पुणे रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. जेवायला बसले तरी कान रस्त्याकडे. ट्रक गेला की घास हातात तसाच धरून सांगायचे, याचा एक सिलेंडर मार खातोय. मी म्हणायची, आधी भाकरी खा, मग सिलेंडर खा.

स्वप्न मात्र एकच, आणि खरं सांगायचं तर ते माझं होतं: पिठाची गिरणी. भंगारातून एक जुनं ऑईल इंजिन आणलं होतं. त्यातलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं नळकांडं, ज्यात पिस्टन वरखाली होतो ते, पार झिजलेलं. लायनर म्हणतात त्याला. नव्या लायनरसाठी मी माझ्या दोन शेळ्या विकल्या. तो तेल लावून, गोणपाटात गुंडाळून खाटेखाली ठेवला होता. झाडताना मी रोज त्याला हात लावायची. पिकं आली की गिरणी सुरू करायची आणि पैशाच्या पेटीवर मी बसायचं, असं ठरलेलं.

पण बहात्तर साली पाऊस आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. मी तेव्हा मुलींच्या मिशन बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. तिथं पाणी उपसायला एक इंजिन होतं, जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चनं भेट दिलेलं. अजब प्रकरण बाई! त्यात पिस्टनच नाही. पोटात एक तिकोनी लोखंड गरगर फिरायचं, आणि त्याच्या तिन्ही कोपऱ्यांना एकेक पट्टी. ती इंजिनाच्या आतल्या भिंतीला घासत राहायची आणि आतला दम बाहेर जाऊ द्यायची नाही.

त्या पट्ट्या झिजल्या, दम निसटायला लागला, इंजिन बसलं. नव्या पट्ट्या बोटीनं यायच्या, म्हणजे वरातीमागून घोडं. बोर्डिंगच्या सिस्टर म्हणाल्या, लवकर पाणी चढलं नाही तर मुलींना घरी पाठवावं लागेल. घरी म्हणजे काय ते मला विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडायला, नाहीतर बोहल्यावर. परत कोण येतंय? मी त्याच बोर्डिंगात शिकले, म्हणून चार अक्षरं वाचते.

मी शमुवेलना घेऊन गेले. असलं इंजिन त्यांनीही जन्मात पाहिलं नव्हतं. उघडलं आणि चेहरा असा खुलला, लग्नात माझ्याकडे बघूनही खुलला नव्हता. लेथवाला छगन म्हणाला, ट्रकच्या कमानीच्या पोलादाच्या पट्ट्या घाल, बापजन्मात झिजणार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. तसं केलं. इंजिन चाललं, टाकी भरली, पोरींनी कितीतरी दिवसांनी डोक्यावरून आंघोळी केल्या.

आणि थोड्याच दिवसांत या बाबानं चालू इंजिन बंद केलं, उघडून बसला. मी कावले. म्हटलं, सुखाचा जीव दुःखात घालायची हौस कसली तुम्हाला? त्यांनी माझं बोट धरलं आणि नख आतल्या भिंतीवरून फिरवलं. नख अडकलं. बारीक ओरखडे पडले होते.

"पट्टी झिजली तर दुसरी करता येती," ते म्हणाले. "भिंत गेली तर ती हितं कुनालाच करता याची न्हाई. पट्टी भिंतीपरीस मऊच पायजे."

मऊ, पण तापल्यावर टिकणारं. म्हणजे चांगलं बीड. नगरच्या भंगारातून त्यांनी जुने लायनर आणले. पण ते झिजून पातळ झालेले. कानस लावली की पट्टी मोडायची. इकडं बोर्डिंगात पोरींच्या ट्रंका व्हरांड्यात येऊन बसल्या.

त्या दुपारी शमुवेल घरी आले आणि खाटेवर नुसते बसले. ताट वाढलं तर शिवले नाहीत. नजर खाटेखाली जायची नि परत यायची. मला कळलं. हा माणूस मागायचा नाही, जन्मात कधी काही मागितलं नाही. राग आला मला, खोटं कशाला बोलू? शेळ्या आठवल्या. पण ट्रंकांवर बसलेल्या पोरी डोळ्यांपुढून हलेनात. मीच वाकले, गोणपाट ओढलं, नळकांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"कापा," मी म्हणाले.

"दया, एकदा कापलं की गिरनीला उपेग न्हाई."

"मला काय येडी समजता? कापा. मी धरते."

मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं, त्यांनी करवत चालवली. बिडाची काळी पूड माझ्या लुगड्यावर सांडत होती, आणि एवढा बाप्या माणूस, डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मी म्हटलं, डोळे पुसा, रेघ वाकडी जाईल. किती माया आली मला त्यांची त्या वेळी, सांगता येत नाही.

बिडाच्या पट्ट्या काही अमर नव्हत्या. झिजल्या की शमुवेल नव्या कापायचे, घासायचे, बसवायचे. पण भिंतीला पुन्हा ओरखडा नाही. ट्रंका आत गेल्या, आणि पाऊस येईपर्यंत एकही पोर घरी गेली नाही.

गिरणी काही झाली नाही. अजून मी दळणाचा डबा घेऊन बन्सीच्या गिरणीत उभी राहते, आणि तो जाडंभरडं दळतो म्हणून त्याच्याशी भांडते. लायनरचं शेवटी चार बोटांचं कडं उरलं. शमुवेल भंगारात टाकायला निघाले होते, मी हिसकावून घेतलं. आता ते माझ्या पाण्याच्या कळशीखाली असतं. कळशी जरासुद्धा डगमगत नाही.